शाब्दिक उदाहरणातला न छापलेला प्रश्न

"बाई, यात गुणायचं की भागायचं?"

उदाहरण वाचून संपायच्या आतच मुलाने हे विचारलं, तर त्याने उदाहरण वाचलेलं नाही असं समजावं. त्याने फक्त आकडे पाहिलेत. मी चौथी ते सहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणाऱ्या मुलांचे पाढे पाठ असतात, हातच्याची वजाबाकी चोख असते, भागाकारही जमत असतो. पण दोन-तीन पायऱ्यांचं शाब्दिक उदाहरण आलं की तीच मुलं अडतात, आणि घरी निष्कर्ष निघतो, "याचं गणित कच्चं आहे."

बहुतेकदा गणित कच्चं नसतंच. अडचण वेगळी असते. खालचं उदाहरण बघा.

एका पुस्तकात २४० पानं आहेत. एका मुलीने रोज १८ पानं याप्रमाणे ५ दिवस वाचन केलं. उरलेली पानं तिला पुढच्या ६ दिवसांत, रोज सारखीच वाचून संपवायची आहेत. तर तिला रोज किती पानं वाचावी लागतील?

विचारलेला प्रश्न एकच आहे. पण त्याच्या आधी आणखी दोन प्रश्न सोडवावे लागतात: पाच दिवसांत किती पानं वाचून झाली, आणि किती उरली? हे दोन्ही कुठेही छापलेले नाहीत. ते मुलाने स्वतःच स्वतःला विचारायचे असतात, आणि हेच त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. मी त्यांना 'मधले प्रश्न' म्हणते. अनेक पायऱ्यांची उदाहरणं शिकवायची म्हणजे मधला प्रश्न शोधायला शिकवायचं, असं माझं ठाम मत आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार त्यामागून येतात.

आधी आकडे बाजूला

पहिल्या वाचनात आकडे झाकायचे. घरी करायला हे अगदी सोपं आहे. उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि आकड्यांच्या जागी 'काही' म्हणा. "एका पुस्तकात काही पानं आहेत. एका मुलीने रोज काही पानं याप्रमाणे काही दिवस वाचन केलं..." मग मुलाला म्हणा, "काय चाललंय ते तुझ्या शब्दांत सांग." हाताशी आकडे नसल्यामुळे त्याला काहीतरी करून टाकण्याची घाई करता येत नाही. नाइलाजाने का होईना, तो गोष्टीकडे बघतो. "ती पुस्तक वाचतेय, थोडं वाचून झालंय, राहिलेलं तिला ठरावीक दिवसांत संपवायचंय." एवढं आलं की अर्धं काम झालं. हे आलं नाही, तर पुढे जाऊच नका. 'याप्रमाणे', 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'अनुक्रमे' अशा एखाद्या शब्दापाशी गाडं अडलेलं असतं. तो शब्द सांगा आणि पुन्हा वाचा.

आकडे दिसले की ते एकमेकांत मिसळायचे, ही सवय किती खोल असते याचं एक गाजलेलं उदाहरण फ्रान्समधलं आहे. १९८० च्या आसपास ग्रनोबल इथल्या गणितशिक्षण अभ्यासकांनी लहान मुलांना विचारलं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. ही मुलं मंद नव्हती. गणिताच्या तासाला आकडे दिले आहेत म्हणजे ते वापरायचेच, हा नियम ती शाळेतच शिकली होती. म्हणून मी अधूनमधून उदाहरणात एखादा बिनकामाचा आकडा मुद्दाम घालते. पुस्तकाची किंवा मुलीची आणखी काही माहिती द्यायची, "तिचं वय ११ वर्षं आहे" असं काहीतरी. "हा आकडा लागतच नाही" हे मुलाने स्वतःहून म्हटलं की मला फार बरं वाटतं.

गोष्ट कळली की लगेच उत्तराचं वाक्य लिहून घ्यायचं, आकड्याच्या जागी रेघ ठेवून: "तिला रोज ____ पानं वाचावी लागतील." हे वाक्य शेवटी लिहिण्याचा प्रघात आहे, मी मात्र ते सुरुवातीलाच लिहून घेते. कुठे पोचायचं आहे ते समोर राहतं आणि एककही ठरून जातं. उत्तर पानांत येणार आहे, दिवसांत नाही.

खुणेच्या शब्दांवर विसंबू नका

"'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की भागाकार." हा तक्ता बऱ्याच भिंतींवर लावलेला असतो. एका पायरीच्या उदाहरणात तो पुष्कळदा चालून जातो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पुढे त्यानेच नुकसान होतं. हे बघा:

निळ्या पेटीत ४८ मणी आहेत. ते लाल पेटीतल्या मण्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. दोन्ही पेट्यांतले मणी ६ मुलांना सारखे वाटले. प्रत्येकाला किती मणी मिळाले?

'जास्त' दिसलं म्हणून मूल ४८ मध्ये १२ मिळवतं आणि लाल पेटीत ६० मणी ठरवतं. ६० आणि ४८ मिळून १०८, भागिले ६, उत्तर १८. बाकी शून्य! भागाकार निःशेष गेला म्हणून मूल खूश. पण निळ्या पेटीत जास्त मणी आहेत, म्हणजे लाल पेटीत कमी, ३६. मग ४८ + ३६ = ८४ आणि ८४ ÷ ६ = १४. ल्यूइस आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की वाक्यातला शब्द आणि करायची क्रिया अशी उलटसुलट असली, तर कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्याही चुका वाढतात. तेव्हा दहा वर्षांच्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही. अशा वाक्यापाशी एकच विचारा: "जास्त कुणाकडे आहेत? कमी कुणाकडे?" नावं उत्तरात आली पाहिजेत. "निळीत जास्त, लालमध्ये कमी." मग क्रिया आपोआप ठरते.

शेवटाकडून मागे

आता मधला प्रश्न कसा सापडतो ते. पुस्तकाचंच उदाहरण घेऊन पाचवीतल्या एका मुलीशी झालेलं बोलणं असं होतं:

"रोज किती पानं, हे सांगायला तुला काय काय माहीत हवं?"

"किती पानं राहिली ते. आणि किती दिवस राहिले ते."

"दिवस माहीत आहेत?"

"सहा. दिलेत."

"आणि पानं?"

तिने उदाहरणावरून बोट फिरवलं. दोनशे चाळीसपाशी थांबली, पुढे गेली, परत मागे आली. "राहिलेली पानं नाही दिलेली."

"मग ती कळायला काय हवं?"

"वाचून किती झाली ते. अठरा... नाही, अठरा रोजची आहेत. पाच दिवसांची काढावी लागतील."

तिची वही अजून कोरी होती, पण उदाहरण सुटलं होतं. "नाही दिलेली" हे शब्द तोंडातून निघणं महत्त्वाचं, कारण तिथेच मधला प्रश्न जन्माला येतो. या संवादात माझे प्रश्न मुळात दोनच आहेत: 'हे कळायला काय हवं?' आणि 'ते दिलंय का?' कुठल्याही उदाहरणाला हेच दोन प्रश्न लागू पडतात. पालकांना मी हेच पाठ करायला सांगते, बाकी काही नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. मूल बोट फिरवत गप्प असताना तुम्हीही गप्प राहायचं. "अरे, आधी गुणाकार कर ना" हे वाक्य ओठांवर येतं, ते गिळून टाका. ते बोललात की तेवढं उदाहरण सुटेल, पण पुढच्या उदाहरणात मूल पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघेल.

मग लिहायचं. प्रत्येक ओळीत आधी प्रश्न, मग क्रिया, मग एककासह उत्तर:

५ दिवसांत किती पानं वाचली? १८ × ५ = ९० पानं
किती पानं उरली? २४० − ९० = १५० पानं
रोज किती वाचावी लागतील? १५० ÷ ६ = २५ पानं

प्रश्न लिहायचा मुलांना कंटाळा येतो. सुरुवातीला तरी सोडू नका. नुसते ९० आणि १५० वहीत पडले, तर दोन मिनिटांनी ते कशाचे होते हे मूलच विसरतं. तीन पायऱ्या डोक्यात सांभाळायच्या आणि शिवाय हिशोबही करायचा, हे ओझं मोठं असतं. ते कागदावर उतरवायचं.

ज्या मुलांना हे अजिबात सुचत नाही, त्यांच्यासाठी उदाहरण तुम्हीच तोडून द्या. पहिले काही दिवस मधले प्रश्न (अ), (आ), (इ) असे छापून द्या. मग त्यातला एक पुसा. मग सगळे पुसा आणि म्हणा, "मधले प्रश्न तू लिही, सोडवू नकोस." फक्त प्रश्न लिहायचे, हिशोब नाही, हा सराव मला सगळ्यांत फळलेला आहे. हिशोबाचं दडपण नसलं की अबोल मुलंही बोलती होतात.

चित्र

गोष्ट दोन गोष्टींच्या तुलनेची असेल, 'तिप्पट', 'निम्मे', 'पेक्षा इतके जास्त' असं काही असेल, तर शब्दांत गुंतण्यापेक्षा पट्ट्या काढाव्यात. सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून ही पद्धत रुजली आणि तिथून जगभर गेली. यात चित्रकला काहीच नाही, आयत काढता आले की पुरे.

एक दोरी दुसरीच्या तिप्पट लांब आहे. दोन्ही मिळून ९६ मीटर होतात. लांब दोरीतून १७ मीटरचा तुकडा कापला. ती आता किती लांब राहिली?

'तिप्पट' दिसतं म्हणून बहुतेक मुलं ९६ ला ३ ने भागतात. त्यांना समजावून सांगू नका, पट्ट्या काढायला सांगा. आखूड दोरी म्हणजे एक चौकोन. लांब दोरी म्हणजे तिच्याखाली तेवढेच तीन चौकोन. दोन्हींना मिळून उजवीकडे महिरपी कंस आणि त्यावर ९६. "आता चौकोन मोज." चार! ९६ ÷ ४ = २४, म्हणजे एक चौकोन २४ मीटरचा. लांब दोरी २४ × ३ = ७२ मीटर. त्यातून १७ गेले, उरले ५५. भागायचं चाराने, हे कुणी सांगावं लागलं नाही, चित्रात दिसलं. चौकोन सारख्या मापाचे काढायला लावा, इथे आळस केला तर चित्र फसवतं.

प्रत्येक उदाहरणाला मात्र चित्राचा आग्रह नको. ज्याला गोष्ट डोळ्यांसमोर दिसते आहे, त्याच्यासाठी पट्ट्या म्हणजे नुसतं वाढीव काम.

बरोबरचं चिन्ह आणि कंस

हुशार मुलांच्या वहीतही हे सापडतं:

१८ × ५ = ९० = २४० − ९० = १५० ÷ ६ = २५

उत्तर बरोबर आहे, म्हणून यावर बरोबरची खूण मिळून जाते. पण यात ९० आणि १५० समान आहेत असं लिहिलंय, आणि शेवटी ९० म्हणजे २५. '=' म्हणजे 'आणि मग' असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. पुढे समीकरणं आली की हेच नडतं, कारण तिथे दोन्ही बाजू खरोखरच सारख्या असाव्या लागतात. एका ओळीत एकच '=', एवढा नियम करा, हे दुरुस्त होतं.

पायऱ्या नीट जमू लागल्या की सगळं एका पदावलीत लिहून बघायला हरकत नाही. कंसाचा अर्थ कळायला याहून चांगली जागा नाही. वरच्या उदाहरणाची पदावली (२४० − १८ × ५) ÷ ६. कंस विसरला तर 'कंचेभागुबेव' (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) या क्रमाप्रमाणे आधी गुणाकार-भागाकार होतील: १८ × ५ ÷ ६ = १५, आणि २४० − १५ = २२५. रोज २२५ पानं! मुलाला विचारा, "उरलीत दीडशे, आणि रोज सव्वादोनशे कशी वाचणार?" कंस का हवा, ते गोष्टच सांगते. 'कंचेभागुबेव' पाठ असलेल्या मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा: त्यात भागाकार गुणाकाराच्या आधी लिहिलेला असला तरी त्यांचा मान सारखाच आहे, डावीकडे जे आधी येईल ते आधी. बेरीज-वजाबाकीचंही तसंच.

उत्तर गोष्टीत परत न्या

उत्तर आलं की मुलं पेन्सिल खाली ठेवतात. ती पुन्हा उचलायला लावा.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ हे योग्य उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, "३१, बाकी १२." भागाकार येत होता, पण बाकी राहिलेल्या बारा जणांचं काय करायचं हे बऱ्याच जणांनी स्वतःला विचारलं नाही.

बाकीवर मी मुद्दाम वेळ घालवते. समजा, एका वर्गात ३८ मुलं असे ४ वर्ग आणि सोबत १२ शिक्षक सहलीला निघाले, आणि एका बसमध्ये ४५ जण बसतात. ३८ × ४ = १५२, अधिक १२, एकूण १६४ जण. १६४ ला ४५ ने भागलं की भागाकार ३ आणि बाकी २९. आता चार प्रश्न विचारा. किती बस लागतील? ४. पूर्ण भरलेल्या किती? ३. शेवटच्या बसमध्ये किती जण? २९. किती जागा रिकाम्या? १६. भागाकार तोच, उत्तरं चार. कुठलं लिहायचं ते फक्त प्रश्नातून ठरतं. सुरुवातीला लिहून ठेवलेलं रिकाम्या रेघेचं वाक्य इथे उपयोगी पडतं. रेघेवर आकडा घालून ते मोठ्याने वाचलं की पुष्कळ चुका कानालाच कळतात.

ताळा घ्यायचा तोही गोष्टीतूनच. २५ पानं सहा दिवस म्हणजे १५०, आधीची ९०, मिळून २४०. पुस्तक संपलं.

सराव कसा द्यावा

गुणाकाराच्या प्रकरणाखाली आलेली सगळी शाब्दिक उदाहरणं गुणाकाराचीच असतात, हे मुलांना केव्हाच कळलेलं असतं. मग वाचायचं कशाला? त्यामुळे सराव नेहमी मिसळून द्या: एक एका पायरीचं, एक तीन पायऱ्यांचं, एक मागच्या वर्षीचं. एका बैठकीत दोन-तीन उदाहरणं नीट झाली तरी खूप. वीस उदाहरणांचा पाऊस पाडला की मूल पुन्हा आकडे मिसळायला लागतं.

एकच उदाहरण उलटसुलट करून विचारणं मला नव्या उदाहरणापेक्षा जास्त आवडतं. "तिने रोज २० पानं वाचली असती तर?" "उरलेली पानं रोज ३० वाचली तर किती दिवस लागतील?" आणि उलट दिशेचंही: टाकीतलं निम्मं पाणी वापरलं, नंतर ३० लिटर ओतलं, आता ११० लिटर आहे, तर सुरुवातीला किती होतं? इथे शेवटापासून एकेक क्रिया उलटवत मागे जायचं. ३० काढले की ८०, ते निम्मे, म्हणून आधी १६०.

मूल सरावलं की त्यालाच उदाहरण रचायला सांगा. नुसती रीत द्या: ६ × ८ = ४८, ४८ − १३ = ३५, ३५ ÷ ५ = ७. याची गोष्ट त्याने लिहायची. कुणी ६ ओळींत ८-८ रोपं लावतं, त्यातली १३ सुकतात, उरलेली ५ वाफ्यांत सारखी वाटली जातात. अट एकच, ४८ आणि ३५ हे आकडे गोष्टीत येता कामा नयेत. मग ते उदाहरण भावंडाला किंवा मित्राला सोडवायला द्या. त्याला ७ आलं नाही, तर दोघांना शेजारी बसवून वाक्य-वाक्य वाचायला लावा. चूक सोडवणाऱ्याची नसेल आणि वाक्यच संदिग्ध असेल, तर लिहिणाऱ्याने ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा द्यायचं.